गर्दीतील वाट : पादचाऱ्याच्या मार्गनिवडीच्या सिद्धांतांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

गर्दीत सापडलेल्या माणसाच्या हालचालीसाठी मराठीत जी क्रियापदे रूढ आहेत, ती लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. गर्दीतून माणूस वाट 'काढतो'. समोरचा त्याला वाट 'देतो', 'सोडतो' किंवा 'अडवतो'. गर्दीत वाट 'निवडली' असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. निवडण्यासाठी दोन-तीन वाटा आधी समोर असाव्या लागतात. दाटीमध्ये त्या तशा नसतात. असलेली वाट क्षणात बुजते आणि नसलेली वाट कोणीतरी खांदा वळवल्यामुळे निर्माण होते. म्हणजेच वाट काढणे ही एकट्याची कृती नव्हे. वाट देण्याच्या दुसऱ्या कृतीवाचून ती पुरी होत नाही.

पादचाऱ्यांच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास गेल्या अर्धशतकात भौतिकशास्त्र, स्थापत्य, मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर वाढला. त्याच्या केंद्रस्थानी मात्र 'निवड' हीच संकल्पना राहिली. पादचारी हा ठरावीक ठिकाणी निघालेला एकटा जीव आहे, तो क्षणोक्षणी दिशा आणि वेग ठरवतो आणि अशा असंख्य निर्णयांच्या बेरजेतून गर्दीचे रूप घडते, असे हे गृहीतक आहे. या अभ्यासाने मिळवलेले यश नाकारण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. निवडीची ही भाषा कोठवर खरी ठरते, कोठे ती संपते आणि ती संपल्यानंतरही वापरत राहिल्यास दोष कोणाच्या माथी जातो, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

बलापासून दृष्टीपर्यंत

१९७१ मध्ये एल. एफ. हेंडरसन यांनी गर्दीतील माणसांच्या वेगांची तुलना वायूच्या रेणूंच्या वेगांशी केली. त्याच वर्षी अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांचा पादचारी मार्गांच्या नियोजनावरील ग्रंथ आला. पदपथ, जिने आणि रांगा यांसाठी दर माणशी किती जागा मिळते, त्यावरून 'अ' ते 'फ' अशा सहा पायऱ्यांची प्रतवारी त्यांनी सुचवली. एकाने माणसाला रेणू मानले, दुसऱ्याने त्याच्यासाठी चौरस फूट मोजले. सिद्धांताच्या इतिहासात पहिल्याचा उल्लेख अधिक होतो. माणसांच्या जिवाच्या दृष्टीने मात्र दुसऱ्याचे काम मोलाचे ठरले, असे म्हणावे लागते.

डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेले 'सामाजिक बलाचे प्रतिमान' हा या अभ्यासातील निर्णायक टप्पा होय. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या 'सामाजिक क्षेत्रा'च्या कल्पनेचा धागा घेऊन त्यांनी पादचाऱ्याच्या गतीचे समीकरण लिहिले. गंतव्याकडे इच्छित वेगाने जाण्याची प्रेरणा हे त्यातील पहिले बल आहे. त्यांच्या मांडणीत हा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १.३४ मीटर धरला आहे. इतर माणसांपासून आणि भिंतींपासून दूर राहण्याची ओढ हे दुसरे, तर मित्र, दुकानाची काच किंवा रस्त्यावरचा कलावंत यांचे आकर्षण हे तिसरे. इतक्या मोजक्या सामग्रीतून जे निघाले ते खरोखर विस्मयकारक आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन प्रवाहांत कोणी आज्ञा न देता आपोआप ओळी पडतात. अरुंद दारापाशी कधी इकडची माणसे जातात, कधी तिकडची, आणि हे आलटूनपालटून चालते. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहिलेल्या कोणालाही ही दोन्ही दृश्ये ओळखीची वाटतील.

तथापि या प्रतिमानाचा बारकाईने विचार करता एक विषमता लक्षात येते. दूर ढकलणारी बले त्यात तपशिलाने येतात, त्यांची गणिती रूपे ठरतात. आकर्षणाला समीकरणात जागा मिळते खरी, पण लेखाचे महत्त्वाचे निष्कर्ष त्याच्यावाचूनच निघतात. माणूस माणसाला टाळतो हे सिद्धांताला पक्के ठाऊक आहे. माणूस माणसाबरोबर चालतो याची दखल तो जाता जाता घेतो. बल हे रूपकही निष्पाप नाही. बलाला हेतू नसतो आणि बलाशी बोलता येत नाही.

बलाच्या या रूपकातील कृत्रिमता पुढे हेल्बिंग यांनाही जाणवलेली दिसते. मेहदी मुसैद आणि गी तेरोलाझ यांच्यासह त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बलांची जागा दोन साध्या ठोकताळ्यांनी घेतली. पादचारी दृष्टिक्षेत्रातील अडथळे पाहून, गंतव्याकडे जास्तीत जास्त सरळ नेणारी दिशा धरतो, हा पहिला. त्या दिशेत जो पहिला अडथळा असेल त्याच्याशी टक्कर होण्यापूर्वी किमान काही वेळ हाती राहील इतका वेग तो ठेवतो, हा दुसरा. हे वर्णन माणसाच्या अधिक जवळचे आहे. येथे पादचाऱ्याला निदान डोळे आहेत. पण याच निबंधात एक महत्त्वाची कबुलीही आहे. दाटी फार वाढली की हे दोन नियम पुरे पडत नाहीत, म्हणून लेखकांना शरीराशरीरांतील संपर्काचे बल स्वतंत्रपणे जोडावे लागते. ही जोडणी गणिताच्या सोयीची म्हणून वाचली जाते. वस्तुतः ती सिद्धांताची सीमारेषा आहे. जेथे ते बल सुरू होते तेथे निवड संपलेली असते.

दाट गर्दीशी थेट संबंध नसलेल्या एका अभ्यासाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. बॉस्टन-केंब्रिज आणि सॅन फ्रान्सिस्को येथील १४,००० हून अधिक लोकांच्या साडेपाच लाखांवर पायी फेऱ्यांचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे सर्वांत जवळचा रस्ता धरत नाहीत. जो रस्ता गंतव्याच्या दिशेला तोंड करून असल्यासारखा दिसतो तो धरतात. म्हणूनच जाण्याचा रस्ता एक आणि परतीचा दुसरा, असे वारंवार घडते. मोकळ्या शहरात, हाती वेळ असताना आणि जिवाला धोका नसतानाही माणूस समोर दिसणाऱ्या सरळ वाटेच्या इतका अधीन असतो. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

एका बोगद्याची साक्ष

इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांत फुटबॉलचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या बाजूला प्रवेशाची फिरती दारे अपुरी होती. बाहेर दाटी वाढत गेली. ती कमी करण्यासाठी दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांच्या आदेशाने एक मोठे फाटक उघडण्यात आले. त्यातून सुमारे दोन हजार माणसे आत आली. आत येताच समोर एक बोगदा होता. तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत उतरत होता आणि ते कोंडवाडे आधीच भरलेले होते. कडेच्या कोंडवाड्यांत जागा शिल्लक होती, पण तिकडे जाणारी वाट बाजूने वळसा घेऊन होती आणि ती दाखवायला तेथे कोणी उभे नव्हते. माणसे बोगद्यात शिरली. पुढे लोखंडी जाळी, मागून येणारा लोंढा, आणि मागच्यांना पुढचे काहीच दिसत नाही, अशी स्थिती झाली. या दुर्घटनेत अखेरीस ९७ जणांचे प्राण गेले.

मुसैद आणि सहकाऱ्यांचा पहिला ठोकताळा येथे लावून पाहावा. दिसणाऱ्या दिशांपैकी गंतव्याकडे सर्वांत सरळ नेणारी दिशा कोणती, तर बोगदा. म्हणजे त्या दोन हजारांतील प्रत्येकाने सिद्धांताला अपेक्षित असलेलीच 'निवड' केली. निवड चुकीची होती काय? ज्याला बोगद्यापलीकडचे दिसत नव्हते त्याच्या दृष्टीने ती बिनचूक होती. चूक वाटेत होती, वाट धरणाऱ्यात नव्हती. लॉर्ड टेलर यांच्या चौकशीच्या १९८९ मधील अंतरिम अहवालाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले : पोलिसांचे नियंत्रण अयशस्वी ठरणे हे मुख्य कारण, आणि फाटक उघडतेवेळी मधल्या कोंडवाड्यांकडे जाणारी वाट बंद न करणे ही घोडचूक. आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, त्याच मैदानावरच्या उपांत्य सामन्यात मधले कोंडवाडे भरल्यावर ती वाट बंद केली गेली होती, हे या संदर्भात विसरता येत नाही.

एवढे असूनही दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला. ते मद्यधुंद होते, बेशिस्त होते, त्यांनी रेटारेटी केली, असे वृत्तपत्रांतून छापून आले. मृतांच्या नातलगांना या आरोपाशी सत्तावीस वर्षे झगडावे लागले. २०१६ मध्ये ज्युरीने मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे घडल्याचा निर्णय दिला आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात वाटा नसल्याचे स्पष्ट केले.

'घबराट' नावाचे स्पष्टीकरण

गर्दीवर दोष ढकलण्याची ही सवय जुनी आहे. गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ मध्ये गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो असे मांडले, आणि हे मत शास्त्राने सोडून दिल्यावरही प्रशासनाने आणि पत्रकारितेने जतन केले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ई. एल. क्वारंटेली यांनी १९५० च्या दशकापासूनच खरी घबराट फार दुर्मीळ असते असे दाखवायला सुरुवात केली होती. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटी येथे एका संगीत कार्यक्रमाच्या दारात ११ जण मृत्युमुखी पडले. त्या घटनेचा अभ्यास करणाऱ्या नॉरिस जॉन्सन यांना बेफाम जमाव आढळला नाही. पडलेल्यांना उचलू पाहणारी माणसे आढळली.

या पार्श्वभूमीवर स्वतः हेल्बिंग यांच्या लेखनातील वळण उद्बोधक आहे. इल्येश फारकाश आणि तमाश विचेक यांच्यासह २००० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकातच 'घबराटीतील पलायन' होते. घाई केली की बाहेर पडायला उलट अधिक वेळ लागतो. धुराने भरलेल्या खोलीत सगळे एकमेकांमागे जातात आणि दुसरे दार रिकामे राहते, हे त्याचे गाजलेले निष्कर्ष. पुढे २०१० मध्ये जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथे संगीत महोत्सवात २१ जण मरण पावले. त्या दुर्घटनेचा २०१२ मध्ये मुखर्जी यांच्यासह अभ्यास करताना हेल्बिंग यांनी घबराटीचे कारण नाकारले आणि व्यवस्थेच्या अपयशावर भर दिला. एका तपाच्या अंतराने एकाच संशोधकाने आपला शब्द असा बदलावा, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. दुर्दैवाने २००० चा निबंध पाठ्यपुस्तकांत गेला. २०१२ च्या निबंधाला तेवढे वाचक मिळाले नाहीत.

मराठीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण येथे भाषाच एक निर्णय देऊन मोकळी होते. इंग्रजीतील रूढ शब्द जनावरांच्या बेफाम धावण्यावरून आला आहे. मराठीने त्याच्यासाठी 'चेंगराचेंगरी' हा शब्द योजला. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी यांच्या जातीचा हा शब्द आहे. परस्परांनी परस्परांवर केलेली क्रिया तो सुचवतो. मारामारीत जसे दोघेही मारणारे, तसे चेंगराचेंगरीत सगळेच चेंगरणारे. 'चेंगराचेंगरीत इतके ठार' असे म्हटले की कर्ता गर्दीच ठरते, आणि पूल, जिना, फाटक, कठडा यांपैकी काहीही वाक्यात येत नाही. फ्रुइन यांनी १९९३ मध्ये लिहिले होते की चौरस मीटरला सुमारे सात माणसे झाली की गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागू लागते, तिच्यातून धक्क्याच्या लाटा जातात, आणि माणसे पायाखाली तुडवली जाऊन नव्हे तर बहुधा उभ्या उभ्या छाती दाबली गेल्याने, श्वास कोंडून मरतात. या अवस्थेत कोणी कोणाला चेंगरत नसते. क्रियापदाला कर्ता उरलेला नसतो.

बोलणे, सोबत आणि अंगस्पर्श

दाटी या टोकाला पोहोचण्यापूर्वीचा जो विस्तीर्ण प्रदेश आहे, त्यात निवडीला अर्थ आहे. पण ही निवड एकट्याची असते हे गृहीतक तेथेही डळमळते. मुसैद यांच्याच २०१० मधील अभ्यासाने दाखवले की गर्दीतील सत्तर टक्क्यांपर्यंत माणसे गटाने चालत असतात, आणि बोलता यावे म्हणून हे गट इंग्रजी 'व्ही'सारखा आकार घेतात. चालण्याच्या दृष्टीने हा आकार गैरसोयीचा, बोलण्याच्या दृष्टीने सोयीचा. लेकराचा हात धरलेली आई, सासूला सांभाळत जिना उतरणारी सून यांचा मार्ग त्यांच्यातील सर्वांत मंद पावलाने ठरतो, हे समीकरणात उशिराने आले.

बोलणे तर अजून पुरते आलेलेच नाही. मुंबईच्या लोकल गाडीत आपले स्थानक येण्याच्या बऱ्याच आधी प्रवासी पुढच्याला विचारतो, "दादरला उतरणार का?" उत्तर 'नाही' असेल तर दोघे जागा बदलतात. स्थानक येईपर्यंत दाराकडे उतरणाऱ्यांची रांग लागलेली असते. ही रांग बलांनी लागलेली नाही आणि डोळ्यांनीही नाही. ती दोन शब्दांच्या देवाणघेवाणीने लागली आहे. आषाढीच्या वारीत हेच अधिक भारदस्त रूपात दिसते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, हा क्रम परंपरेने ठरलेला असतो. लाखो माणसे अरुंद रस्त्यांवरून चालतात आणि त्यांतील बहुतेकांना 'कोठून जावे' हा प्रश्न पडतच नाही. आपली दिंडी जाईल तेथून. दाटीत पुढे सरकायचे असेल तर 'माउली' एवढा एक शब्द पुरतो. तो संबोधनही असतो आणि वाटेची मागणीही. अर्थात वारीच्या शिस्तीचे गोडवे गाताना हेही लक्षात ठेवले पाहिजे की हा क्रम चालण्याच्या वाटेवर टिकतो. मंदिराच्या दारातील किंवा घाटावरील दाटीला तो आपोआप लागू होत नाही.

संस्कृतिभेदाचा प्रश्न उज्ज्वल चट्टराज, आर्मिन झाइफ्रीड आणि पार्थ चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये प्रयोगाने तपासला. एकामागून एक चालणाऱ्या जर्मन आणि भारतीय गटांची त्यांनी तुलना केली. दाटी वाढली तरी भारतीयांचा वेग जर्मनांइतका मंदावत नाही, त्यांना दोघांमध्ये कमी अंतर चालते आणि त्यांचे अव्यवस्थित चालणे जर्मनांच्या व्यवस्थित चालण्यापेक्षा अधिक कार्यक्षम ठरते, असा निष्कर्ष निघाला. या निष्कर्षाने सुखावून जाण्याचे कारण नाही. कमी अंतर चालणे हा स्वभाव आहे की नाइलाजाने अंगवळणी पडलेली सवय, हे अशा प्रयोगातून कळत नाही. जो समाज दाटी सोसायला शिकला, त्याला रुंद वाट देण्याची निकड नियोजनकर्त्याला भासत नाही, ही शक्यता येथे अधिक भयावह आहे.

शिवाय 'कमी अंतर' सर्वांना सारखे चालत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११ मधील 'व्हाय लॉइटर?' या मुंबईविषयक ग्रंथात स्त्रियांना सार्वजनिक जागेत आपले येणे सकारण आहे हे सतत दाखवत राहावे लागते, असे सप्रमाण मांडले आहे. पुलावरच्या गर्दीत स्त्री ज्या बाजूने जाते, ज्या प्रवाहाला आधी जाऊ देते, पर्स किंवा ओढणी जशी छातीशी धरते, त्यात गंतव्याकडे जाणारी सरळ रेषा हा अनेक विचारांपैकी केवळ एक असतो. अंगस्पर्श टाळण्यासाठी लांबची वाट पत्करणे प्रतिमानाच्या दृष्टीने 'विचलन' ठरते.

परळचा जिना

या सर्व सूत्रांची गाठ मुंबईच्या एका जिन्यावर पडते. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर सकाळच्या गर्दीत २३ जणांचा मृत्यू झाला. या परिसरात गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली आणि पुलावरून जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पूल मात्र होता तेवढाच राहिला. त्याच्या अपुरेपणाविषयी प्रवाशांच्या तक्रारी दुर्घटनेच्या आधीपासूनच होत्या.

त्या सकाळी अचानक जोराचा पाऊस आला. जिन्याच्या तोंडाशी पोहोचलेली माणसे आडोशाला थांबली. प्रतिमानाच्या भाषेत त्यांचे गंतव्य बदलले. क्षणापूर्वी ते कार्यालय होते, आता छप्पर झाले. दोन्ही मार्गांवर गाड्या येतच होत्या आणि प्रत्येक गाडी नवी माणसे पुलावर चढवत होती. मागच्याला पुढचा थांबला आहे हे माहीत नव्हते, जसे हिल्सबरोच्या बोगद्यात माहीत नव्हते. 'फूल पडले' हे शब्द 'पूल पडला' असे ऐकले गेल्याचे वृत्तपत्रांतून तेव्हा पुष्कळ सांगितले गेले. दसऱ्याच्या तोंडावर फुलांचे ओझे घेऊन माणसे जात होती, तेव्हा असा प्रमाद अशक्य नाही. पण या कथेला मिळालेली लोकप्रियता तपासून पाहण्यासारखी आहे. ती खरी असली तरी तिने स्पष्ट होते ते शेवटचे काही क्षण. त्याआधीच जिन्यावर पाय हलवायला जागा नव्हती, हे ती सांगत नाही. आणि ऐकण्यात चूक करणारी गर्दी हाच तिचा कर्ता राहतो. रेल्वेच्या चौकशीने मुख्यतः पावसाकडे बोट दाखवल्याचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. अफवा आणि पाऊस या दोहोंचे एक साम्य आहे : दोहोंवर जबाबदारी निश्चित करता येत नाही.

फ्रुइन यांनी गर्दीतील दुर्घटनांची कारणे बल, माहिती, अवकाश आणि वेळ अशा चार अंगांनी तपासावीत असे सुचवले होते. परळच्या जिन्याला हे लावले तर अवकाश पुलाच्या रुंदीने ठरला होता, वेळ गाड्यांच्या वेळापत्रकाने, आणि माहिती देणारा माणूस किंवा ध्वनिक्षेपक पुलाच्या दोन्ही टोकांना असणे आवश्यक होते. बल हे या तिन्हींचे फलित. पादचाऱ्याच्या हाती यांपैकी एकही गोष्ट नव्हती. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी येथे सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला, तेथेही अरुंद चढ, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंची दुकाने यांनी वाट आधीच ठरवून टाकलेली होती.

परळ येथे नवा पूल लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला. करी रोड आणि आंबिवली येथील पुलांबरोबर तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. म्हणजे दुर्घटनेनंतर पाच महिन्यांच्या आत. किती माणसांसाठी किती रुंद जिना हवा, याचे कोष्टक फ्रुइन यांच्या ग्रंथात १९७१ पासून छापलेले आहे.